साल टाकल्याबिगर नाव न्हाई

नागम्माला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या अहवालावर बसली होती. मठाच्या भांडारखोलीसमोरची फरशी ओली होती. चार महिने डोळे फोडून मी तयार केलेला, चौसष्ट पानांचा, स्प्रिंग घातलेला अहवाल तिनं बुडाखाली घेतला होता आणि पाठ खोलीच्या कुलपाला टेकवली होती. तिला अर्ध्या तासात समजावून परत ये, असं सांगून मला नांदेडहून पाठवलं होतं. एस.टी.नं अहमदपूर, तिथून ऑटोत सात जणांत कोंबून अकरा किलोमीटर, आणि समोर हे दृश्य. मला इतका राग आला की 'शरणार्थ' म्हणून नमस्कार करायचंही राहून गेलं.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. मठाचे अध्यक्ष रविकांतअप्पा अजून माझ्याशी बोलतात आणि ते चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. मठ आमच्या लिंगायत समाजाचा. वर्षातून सहा वेळा तिथे दासोह होतो, म्हणजे येईल त्याला जेवण. कोण, कुठला, हे विचारायचं नाही. एकेका दासोहाला तीन-तीन हजार माणूस जेवतं, आणि जेवतं ते स्टीलच्या थाळ्यांत. एकोणीसशे थाळ्या आहेत. त्या सगळ्या मोडीत विकाव्यात असा ठराव झाला होता आणि त्या ठरावाला जोडलेला कागद म्हणजे माझा अहवाल.

माझं काम आधी सांगते, कारण घरीही ते कुणाला नीट कळलेलं नाही. मी तेव्हा नांदेडच्या एका छोट्या फर्ममध्ये वस्तूंची आयुष्यं मोजत होते. एखादी वस्तू खाणीतून किंवा शेतातून निघते तेव्हापासून कारखान्यात, ट्रकमध्ये, घरात आणि शेवटी उकिरड्यावर नाहीतर भट्टीत जाईपर्यंत तिच्यापायी किती कोळसा जळला, किती पाणी गेलं, किती धूर झाला, या सगळ्याची बेरीज करायची. याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. मग दोन वस्तू शेजारी ठेवायच्या आणि त्यातली कमी वाईट कोणती ते सांगायचं. चांगली कुठलीच नसते.

मठाचा एक भक्त, संगमेश्वर नावाचा, नांदेडजवळ पत्रावळ्यांचा कारखाना चालवतो. पानांच्या नव्हे, कागदाच्या लगद्याच्या, वर चकचकीत पातळ थर आणि मधोमध हिरव्या पानाचं चित्र. वापरायच्या आणि फेकायच्या. माणूस वाईट नाही. आपण पृथ्वी वाचवतो आहोत असं त्याला मनापासून वाटतं. त्यानं मठाला वर्षभर फुकट पत्रावळ्या देऊ केल्या आणि त्या पर्यावरणाला चांगल्या आहेत हे दाखवायला आमच्या फर्मला काम दिलं. मी थाळी आणि पत्रावळ शेजारी ठेवली. पत्रावळ जिंकली.

का जिंकली तेही सांगते. स्टील बनवायला भयंकर कोळसा लागतो. तो फिटायचा तर थाळीत शंभरेक जेवणं तरी व्हायला हवीत. माझ्या तयार तक्त्यात थाळीचं आयुष्य पाच वर्षं होतं आणि वर्षाला दहा जेवणं. म्हणजे पन्नास. शिवाय दर धुण्याला पावणेदोन लिटर पाणी. ते पाणी मी स्वतः नांदेडच्या एका मंगल कार्यालयात मोजलं होतं, त्यामुळे त्या आकड्याचा मला फार अभिमान होता. लातूर जिल्ह्यात पाण्याचा आकडा काढला की पुढे कुणी वाद घालत नाही. रविकांतअप्पांनी सभेत तेवढं एकच वाक्य मोठ्यानं वाचलं म्हणे, आणि ठराव पास झाला.

फक्त भांडारखोलीची किल्ली नागम्माकडे होती.

नागम्मा मठाची नोकर नाही. ती नाव घालणारी. अहमदपूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढे पोत्यावर बसून, हातोडी आणि बारीक छिन्नीनं थाळ्यांवर, तांब्यांवर, पातेल्यांवर टिंबाटिंबांनी नावं घालते. हे काम तिच्या बापाचं, मडिवाळप्पाचं. तिला शाळेत दुसरीपर्यंतच घातलं. पुढची अक्षरं ती स्टीलवर शिकली. त्यामुळे आजही ती कागदावर लिहिते ते टिंबांनीच. पेन धरते तेही छिन्नीसारखं, उभं, आणि कागदाला टोचत जाते. मठाच्या दासोहाच्या वहीत तिच्या सह्या आहेत, त्या सगळ्या अशाच टोचलेल्या.

लग्न बिलोलीकडे झालं. बाईमाणसानं बाजारात हातोडी घेऊन बसणं नवऱ्याकडच्यांना शोभेना. त्यांनी हातोडी लपवून ठेवली. तिनं तीन दिवस स्वयंपाक केला नाही. चौथ्या दिवशी हातोडी मिळाली, ती घेऊन ती एस.टी.त बसली आणि माहेरी आली, ती पुन्हा गेली नाही. याला आता पस्तीस वर्षं झाली. याबद्दल ती रडत नाही आणि मिरवतही नाही. बिलोलीचं पाणी जड आहे, एवढंच म्हणते.

आता विजेवरची नाव घालायची पेनं निघालीत. घर्रर्र केलं की मिनिटात नाव. दुकानदारांनी तीच घेतली. नागम्माकडे तरीही माणसं येतात, आणि आली की तिच्याशी भांडतात, कारण तिचा एक हट्ट आहे. साल टाकल्याशिवाय ती नाव घालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं नाव घाला, साल कशाला, जागा जाते. ती भांडं परत देते. हा नियम मडिवाळप्पाचा. एकदा दोन भाऊ वेगळे झाले, एक हंडा दोघांच्या बायका आपापल्या माहेरचा म्हणू लागल्या, आणि प्रकरण मारामारीवर आलं. हंड्यावर भावांच्या बापाचं नाव होतं, पण साल नव्हतं, म्हणून तो कुणाच्या लग्नात आला ते कळेना. दोघं भाऊ मडिवाळप्पाकडे साक्ष मागायला आले आणि त्याला आठवेना. त्या दिवसापासून साल टाकल्याशिवाय नाव नाही. मठाच्या एकोणीसशे थाळ्यांवर दान देणाऱ्याचं नाव, गाव आणि साल आहे. निम्म्या बापाच्या हातच्या, निम्म्या तिच्या, म्हणून भांडारखोलीची किल्लीही बापापासून त्यांच्याच घरी.

या थाळ्यांच्या मालकीणबाईसमोर मी उभी राहिले तेव्हा यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हातारीला भांड्यांचा मोह आहे, गोड बोलून मोकळं व्हावं. मी खाली बसले आणि शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सुरू केलं. अक्का, बघा, पोलाद बनतं ना, तेव्हा खाणीतून...

तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग बुडाखालचा अहवाल काढला, पदरानं पुसला आणि एकोणिसावं पान उघडलं. पानावर ओळींखाली पेनानं टोचलेली टिंबं होती. म्हणजे बाईनं तो वाचला होता. मला नंतर कळलं, रात्रंदिवस दोन दिवस लागले होते तिला. आमच्या सरांनी तो सही करण्यापूर्वी दहा मिनिटं चाळला होता.

"थाळीचं आयुष्य पाच वर्स," तिनं बोट ठेवलं. "हे कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, तक्त्यात आहे. जगभर हेच आकडे वापरतात.

"तो तक्ता आपल्याकडं जेवाया आला होता का?"

ती उठली, कुलूप काढलं, आत गेली आणि काखेत थाळ्यांची चळत घेऊन आली. एकेक थाळी माझ्या पुढ्यात ठेवत गेली. बसवंतप्पा, हाडोळती, १९७१. गुरुलिंग मास्तर, १९७८. साखराबाई भ्र. (म्हणजे भ्रतार) ग्यानोबा, १९८३. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षीची एक होती, तिच्यावर फक्त 'सर्वांसाठी' असं होतं. सगळ्या झिजून मऊ झालेल्या, पोचे आलेल्या, आणि सगळ्या मागच्याच दासोहात वापरलेल्या.

"ह्यांचं बारसं आम्ही बापलेकीनं केलंय," ती म्हणाली. "मरण तुम्ही परस्पर कसं काय लिहिलं?"

कुणी चूक दाखवली की मी चिडते. मी म्हटलं, ठीक आहे, वर्षांचा आकडा चुकला असेल, पण पाणी? पावणेदोन लिटर मी माझ्या हातानं मोजलंय. त्यावर ती पहिल्यांदा हसली. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही बसव जयंतीचा दासोह इथे थाळ्यांवरच झाला, असं तिनं सांगितलं. दोन हजार माणूस जेवलं आणि धुण्याला पाण्याचे चारच ड्रम लागले. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, चौथ्या सोमवारी श्रावणाचा दासोह आहे, तुझं मापाचं भांडं घेऊन ये, तोवर किल्ली कुणालाच मिळणार नाही. रविकांतअप्पा मागे उभे होते. ते म्हणाले, हिचं असंच आहे बघा.

मी सोमवारी गेले. खरं सांगायचं तर तिला खोटं पाडायला गेले. बादली, मापाचं भांडं, वही, सगळं घेऊन. त्याच दिवशी संगमेश्वरनं नमुना म्हणून पाचशे पत्रावळ्या पाठवल्या होत्या आणि पहिली पंगत त्यांच्यावर बसवायची असं कमिटीनं ठरवलं होतं.

पहिल्या पंगतीत भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी, गव्हाची गोड हुग्गी. जेवणं झाली. आणि मग पंगत उठेना. वाढणारे थांबले, मागे दुसऱ्या पंगतीची माणसं ताटकळत उभी, आणि हे पाचशे लोक जागच्या जागी. मला कळेना काय झालं. मग माझ्यासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तांब्यातलं घोटभर पाणी पत्रावळीत ओतलं, बोटानं ते चहूकडून फिरवलं, आणि पत्रावळ दोन्ही हातांनी तोंडाकडे उचलली. ती मधोमध वाकली. खरकटं पाणी त्याच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं. तो हातात ती लोंबती पत्रावळ धरून इकडे तिकडे पाहत राहिला. आजूबाजूला प्रत्येकाचं तेच चाललं होतं. कुणी पाणी ओतून थांबलं होतं, कुणी पत्रावळीला तोंड लावून वाकलं होतं.

मी तिथेच, हातात मापाचं भांडं घेऊन, लाजेनं लाल झाले. आमच्यात प्रसाद टाकत नाहीत. जेवण झालं की थाळीत घोटभर पाणी घालायचं, बोटानं थाळी धुवायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. माझे वडील रोज रात्री हे करतात. मी लहानपणापासून रोज पाहिलं आहे, स्वतः केलं आहे, आणि चौसष्ट पानं लिहिताना मला ते एकदाही आठवलं नाही. दुसऱ्या कुणाची ही चूक मी माफ केली असती. त्याला माहीतच नव्हतं म्हटलं असतं. मला माहीत होतं. पण मोजण्याची गोष्ट म्हणजे काहीतरी बाहेरची, मंगल कार्यालयातली, अशी माझ्या डोक्यात बसलेली. घरातली गोष्ट हिशेबात धरायची असते हे कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पंगतीला थाळ्या आल्या. लोकांनी त्या धुऊन, पिऊन, पुसल्यासारख्या स्वच्छ करूनच उचलल्या. मागच्या अंगणात नागम्मा आणि दहा बायका बसल्या होत्या. चिमूटभर राख, नारळाच्या शेंडीचा एक हात, मग एका टाक्यात बुडवायची, मग दुसऱ्यात. पहिल्या टाक्याचं पाणी गढूळ झालं की ते चरातून केळीला जायचं आणि दुसऱ्याचं पहिल्यात यायचं. मी दर शंभर थाळ्यांमागे टाकी किती उतरली ते मोजत होते. नागम्मा मध्येच ओरडून विचारायची, किती झालं मॅडम? 'मॅडम' ती मुद्दाम म्हणत होती.

संध्याकाळी बेरीज केली. थाळीमागे साडेतीनशे मिली. चहाचे दोन कप म्हणा.

मी तिला आकडा सांगितला. वाटलं होतं, ती टाळी वाजवील. ती म्हणाली, "मला कशाला सांगतीस? माझी थाळी मला मालूम हाय. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मानं मला मठामागच्या खड्ड्याजवळ नेलं. पत्रावळ्या तिथे पेटवल्या होत्या. माझ्या अहवालात त्यांचा शेवट 'नव्वद दिवसांत मातीत' असा होता. हा आकडा मी संगमेश्वरच्या पत्रकातून जसाच्या तसा उतरवला होता. कागद जळून गेला होता. चकचकीत थराच्या गुठळ्या राखेत चिकटून उरल्या होत्या, आणि वास असा की मला पदर तोंडाला लावावा लागला. मी काठीनं दोन गुठळ्या उचलून डब्यात घातल्या. ही राख तुमच्या थाळ्यांना चालेल का, असं मी थट्टेनं विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा बंद केला.

इथे गोष्ट संपवली असती तर ती नागम्माच्या विजयाची झाली असती. पण मी हट्टी आहे, आणि मोजायचं तर सगळंच मोजायचं. मी भांडारखोलीत शिरले आणि थाळ्या मोजल्या. मागच्या भिंतीला सहाशे चाळीस थाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. नव्या कोऱ्या. गेल्या आठ-दहा वर्षांत लोकांनी दिलेल्या, नाव, गाव, साल, सगळं घातलेलं. एकदाही न वापरलेल्या. दान देणाऱ्यांना आपलं नाव मठात हवं होतं. नाव मठात होतं आणि थाळी कागदात.

मी बाहेर येऊन तिला सरळ सांगितलं. जुन्या थाळ्यांचं स्टील कधीच फिटलं आहे. दर दासोहाला तीन पंगती धरल्या तर सगळ्यात जुन्या थाळ्यांत एकेकीत साडेनऊशे जेवणं झाली असतील, जगातली कुठलीही पत्रावळ त्यांच्यापुढे उभी राहणार नाही. पण या सहाशे चाळीस संगमेश्वरच्या पत्रावळीहून वाईट आहेत. एवढा कोळसा जाळून बनल्या आणि एका माणसाचंही पोट भरलं नाही. हे मी अहवालात लिहिणार.

ती भडकली. माझ्याच घरात येऊन माझ्याच लेकरांना नावं ठेवतेस, म्हणाली. तू त्या कारखानावाल्याचंच माणूस, म्हणाली. त्या थाळ्यांवर तिची दहा वर्षांची छिन्नी होती. मला कळत होतं. तरी मी मागे हटले नाही, कारण काही दिवसांपूर्वी खोटा आकडा लिहिल्याबद्दल तिनंच मला उघडं पाडलं होतं आणि आता खरा आकडा लिहू नको म्हणण्याचा तिला हक्क नव्हता. मी हे तोंडावर बोलले. ती उठून निघून गेली. मी शेवटच्या एस.टी.नं नांदेडला आले.

फर्ममध्ये सरांनी नवे आकडे पाहिले आणि फाइल मिटली. काम संगमेश्वरनं दिलेलं आहे, अहवाल दिला गेला आहे, विषय संपला, असं ते शांतपणे म्हणाले. दुरुस्ती करायची झाल्यास फर्मच्या नावानं होणार नाही, आणि मी मठात गेले तर परत इकडे येण्याची घाई करू नये. मी खूप भित्री आहे हे सरांना माहीत होतं. ते खरंही होतं. मी घरी जाऊन जेवले, थाळीत पाणी घातलं, बोटानं फिरवलं, प्यायले, आणि दुरुस्त अहवाल लिहायला बसले.

आठ दिवसांनी कमिटीची सभा होती. मोडवाल्याचा टेम्पो मठाच्या दारात आधीच येऊन उभा होता. ठराव झालेला असल्यानं कुणीतरी त्याला बोलावून ठेवलं होतं. मी आत गेले आणि थबकले. मठाच्या ओसरीवर माणसांची रांग होती. शेजारच्या वाडीचे, तांड्यावरचे, मशिदीमागच्या गल्लीतले लोक, आणि प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रातून सोडवलेल्या थाळ्या. नागम्मा उंबऱ्यावर बसून वहीत नावं टोचत होती. कुणाकडे लग्न, कुणाकडे बारसं, कुणाकडे दहाव्याचं जेवण. घेऊन जा, जेवा, धुऊन आणा.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्या सहाशे चाळीसमधल्या दोनशे दहा गेल्या. बाकीच्या बी जातील. लिही."

रविकांतअप्पा संतापले होते. मठाच्या थाळ्या मठाबाहेर जात नाहीत, पन्नास वर्षांत गेल्या नाहीत, वाट्टेल त्याच्या घरी कशा देतेस, असा त्यांचा सवाल. नागम्मानं पेन खाली ठेवलं. दासोहाला येतो तेव्हा तो माणूस कोण हे आपण विचारत नाही, मग त्याच्या दारी थाळी गेली तर का विचारायचं, एवढंच ती म्हणाली. तेही आवाज न चढवता. हेच अप्पा दर बसव जयंतीला भाषणात सांगतात.

सभेत मी उभी राहिले. फर्मचं नाव या कागदावर नाही, हे मी आधीच सांगितलं. पहिल्या अहवालात मी तीन ठिकाणी चुकले, हेही सांगितलं: थाळीची वर्षं, धुण्याचं पाणी आणि पत्रावळीचा शेवट. डब्यातल्या जळक्या गुठळ्या मी टेबलावर ठेवल्या. संगमेश्वर पहिल्या रांगेत होता. त्यानं एक गुठळी उचलली, वास घेतला आणि नखानं खरवडून पाहिली. मग म्हणाला की हा थर ज्या पुरवठादाराकडून येतो त्यानं त्याला मातीत जातो असंच सांगितलं होतं. त्याचं म्हणणं मला खरं वाटलं. मीसुद्धा त्याचंच पत्रक उतरवलं होतं की.

एक सभासद म्हणाले, आता तारीख पडलीय, टेम्पो आलाय, ठराव झालाय. लेखी ठराव असा मोडता येतो का? नागम्माला सभेत बोलण्याचा अधिकार नव्हता. ती दारात उभी होती. तिथूनच म्हणाली:

"ठराव तुमच्यापाशी राहू द्या. किल्ली माझ्यापाशी राहील. बघू कोण आधी झिजतंय."

अप्पांनी विषय 'पुढील सभेपर्यंत तहकूब' असं वहीत लिहवून घेतलं. तो अजून तहकूबच आहे. टेम्पोवाल्यानं जाताना नागम्माकडे बहिणीच्या लग्नासाठी साठ थाळ्या मागितल्या. तिनं त्याच्याकडून आधी लग्नाची तारीख विचारून घेतली आणि मग दिल्या.

माझी नोकरी गेली. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. झालं, आणि महिनाभर झालं. आता मी अशीच कामं एकटी करते, कमी मिळतात. पण त्या दिवशी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी दुरुस्त अहवालाची एक प्रत घेऊन भांडारखोलीच्या उंबऱ्यावर तिच्याशेजारी बसले होते. फर्मचा शिक्का नव्हता, म्हणून माहिती देणाऱ्याची सही तरी हवी होती. तिनं सही करण्याआधी परत एकोणिसावं पान उघडलं. आकडे बोटानं वाचत गेली आणि एका चौकटीवर थांबली. 'थाळीचं आयुष्य' या मथळ्याखाली मी 'त्रेपन्न वर्षं' असं लिहिलं होतं, १९७१च्या थाळीवरून, छाती फुगवून.

"हे बी चुकलं," ती म्हणाली.

मी वैतागले. म्हटलं, अक्का, आता काय? साल तुमच्याच बापानं घातलंय.

"त्रेपन्न झाले. संपले कुठं?" तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. "तिच्यात अजून कोण कोण जेवणार हाय, ते तुला मालूम हाय का? मला बी न्हाई."

तिनं माझ्या 'त्रेपन्न वर्षं'वर आडवी रेघ मारली नाही. पेन उभं धरलं आणि त्याच्यापुढे, चौकटीत मावेल तेवढ्या जागेत, टिंब टिंब टोचत एक शब्द घातला. 'चालू.' मग खाली सही केली आणि सहीपुढे साल टाकलं.

ती प्रत माझ्याकडे आहे. पान उलटं करून हात फिरवला की तो शब्द बोटांना लागतो.